एअरफ्लो सेन्सरची नळी बदलल्यानंतरचा बिघाड: दोष सेन्सरचा की नळ्यांचा?

धागालेखक

माझ्या दोन लिटरच्या टर्बो पेट्रोल गाडीत जास्त बूस्टवर (टर्बो हवा दाबून भरताना) एअरफ्लो सेन्सरचे, म्हणजे इंजिनात जाणारी हवा मोजणाऱ्या सेन्सरचे, व्होल्टेज ५ व्होल्टच्या मर्यादेला जाऊन अडकत होते, म्हणून मी ६४ मिलिमीटरची नळी काढून तोच तापत्या तारेचा सेन्सर ७६ मिलिमीटरच्या नळीत बसवला. क्षेत्रफळ सुमारे १.४१ पट झाले आणि ईसीयूमधील (इंजिनचा संगणक) व्होल्टेजवरून हवा ठरवणारे टेबलही मी त्याच पटीने वाढवले. तरीही आयडलला (गाडी उभी, इंजिन मंद चालू) फ्युएल ट्रिम, म्हणजे ईसीयूने पेट्रोलमध्ये केलेली दुरुस्ती, अधिक १८ टक्के दिसते, म्हणजे पेट्रोल कमी पडते आहे; पूर्ण बूस्टवर मात्र काळा धूर येतो आणि वाइडबँड (एक्झॉस्टमधील ऑक्सिजन मोजणारा सेन्सर) ०.७० लॅम्बडा दाखवतो, म्हणजे पेट्रोल जास्त जाते आहे (१ म्हणजे नेमके प्रमाण).

चूक सर्वत्र सारख्याच टक्क्यांची असती, तर मी टेबलाला दोष दिला असता. इथे चुकीची दिशाच उलटते, आणि म्हणून माझे ठाम मत आहे की ही गळती आहे, तीही थ्रॉटलच्या (हवेची झडप) पुढे, इंजिनच्या बाजूला. सेन्सर आणि टर्बो यांच्यामधील फट नेहमी बाहेरची हवा आतच ओढते. इंटरकूलरच्या (टर्बोची गरम हवा थंड करणारा भाग) नळीतील फट बूस्टमध्ये मोजलेली हवा बाहेर टाकते, पण आयडलला फारशी जाणवत नाही. मॅनिफोल्डवरील (थ्रॉटलनंतर सिलिंडरांकडे हवा नेणारा भाग) फट मात्र आयडलच्या व्हॅक्यूममध्ये हवा ओढते आणि बूस्टमध्ये तीच हवा बाहेर फेकते. दाबाची चाचणी केल्याशिवाय ट्यूनला हात लावू नये.

प्रतिसाद: मॅपसमर्थक

आपले निदान बरोबर असेलही, परंतु मूळ व्यवस्थाच इतकी नाजूक असताना ती जपायची कशासाठी? मॅनिफोल्डमधील दाब आणि हवेचे तापमान यांवरून हिशेब करणारी ‘मॅप’ पद्धत घ्या. तीत हवेच्या वाटेत तार नाही, नळीचा व्यास नाही, आणि ब्लो-ऑफ व्हॉल्व्हने (थ्रॉटल मिटताच जादा दाब सोडणारी झडप) हवा बाहेर सोडली तरी गिअर बदलताना गाडी गचके देत नाही, कारण सोडलेली हवा कुणी मोजलेलीच नसते. थ्रॉटलच्या पुढे छिद्र पडले तरी दाब वाढतो, ईसीयू त्या प्रमाणात पेट्रोल देतो आणि फार तर आयडल थोडा चढतो. एक बार बूस्ट म्हणजे साधारण २०० किलोपास्कल निरपेक्ष दाब, तेव्हा दोन बारचा सेन्सर काठावर राहील. तीन बारचाच घ्यावा.

प्रतिसाद: वळणाची नळी

मी दोघांशीही असहमत आहे. नळीचा व्यास वाढला की सेन्सरचा संपूर्ण वक्र (किती व्होल्टला किती हवा) एकाच आकड्याने गुणून चालते, हे गृहीतकच तपासायला हवे. तारेजवळचा प्रवाह वेगवेगळ्या वेगांना वेगळ्या रीतीने वाहतो, आणि सेन्सर वळणाला चिकटून बसवला असेल किंवा मूळची प्रवाह सरळ करणारी जाळी काढली असेल, तर खालच्या टोकाला एका बाजूची आणि वरच्या टोकाला दुसऱ्या बाजूची चूक सहज येऊ शकते. शिवाय सेन्सरची अर्थ वायर बॉडीला जोडली आहे की थेट ईसीयूच्या सेन्सर ग्राउंडला? आयडलला संपूर्ण वाचनच एखाद्या व्होल्टच्या आसपास असते. तिथे दशांश व्होल्टचा फरकही पेट्रोलमध्ये दिसतो. दिशा उलटली म्हणून छिद्रच असणार, हा निष्कर्ष घाईचा आहे.

धागालेखक

चाचणी केली. पहिल्यांदा टर्बोच्या तोंडाशी दाब देऊनही काही सापडले नाही, कारण थ्रॉटल बंद होता आणि मॅनिफोल्डपर्यंत दाब नीट पोहोचतच नव्हता. थ्रॉटल उघडा धरून साबणाचे पाणी मारल्यावर मॅनिफोल्डच्या मागच्या बाजूला, न वापरलेल्या एका निपलवरील रबरी टोपीच्या बुडाशी बारीक फेस जमू लागला. टोपी बोटाने वाकवल्यावर अर्ध्या घेरापर्यंत गेलेली चीर उघडली; नुसते पाहून ती कधीच दिसली नसती. टोपी बदलली, आणि आता बूस्टवर लॅम्बडा ०.७९ येतो.

मॅपसमर्थकांना माझे उत्तर हेच आहे की त्यांच्या पद्धतीत ही चीर महिनोन्‌महिने लपून राहिली असती. एअरफ्लो सेन्सर हवा खरोखर मोजतो, म्हणूनच त्याने तक्रार केली.

आयडलचे ट्रिम मात्र अजून अधिक ७ टक्के आहे. ग्राउंड तपासला, तो ठीक आहे. सेन्सरच्या आधी जेमतेम चार बोटे सरळ नळी आहे, तेव्हा वळणाबाबतचा आक्षेप मी मान्य करतो. सरळ तुकडा आणि जाळी बसवून पुन्हा नोंदी घेईन.

प्रतिसाद: मॅपसमर्थक

चीर सापडली याचा आनंद आहे, पण माझे मत बदललेले नाही. तुम्ही आता नळीची लांबी, जाळी आणि टेबलाचा आकार यांच्यामागे लागणार आहात, आणि हे सारे फक्त एका सेन्सरला टिकवण्यासाठी.

प्रतिसाद: वळणाची नळी

तुमच्या पद्धतीत कॅम (इंजिनच्या झडपा उघडणारा दांडा) किंवा एक्झॉस्ट बदलला की कार्यक्षमतेचे, म्हणजे इंजिन किती हवा भरून घेते याचे, अख्खे टेबल पुन्हा भरावे लागते, तेही कष्टच आहेत. धागालेखकांनी जाळी बसवल्यावर आयडल आणि २५०० आरपीएम या दोन्ही ठिकाणची ट्रिम लिहावी. आयडलला ७ आणि वर शून्याजवळ असेल, तर आणखी एखादी बारीक गळती शोधावी. दोन्हीकडे ७ असेल, तरच टेबलाला हात लावावा.