मदत हवी आहे: 12 सुती साड्या, 4 ब्लाउज, चौथा कोणता?

ऑफिसला रोज सुती साड्याच नेसते. इरकल, नारायणपेठ, मंगळगिरी अशा 12 आहेत. बहुतेकींचे काठ मरून नाहीतर मोरपंखी. साडीगणिक ब्लाउज शिवणं थांबवून 4 वर भागवायचंय. मरून खण, काळं कलमकारी आणि मोहरी रंगाचा साधा सुती, हे 3 ठरले. खणाचा पन्हा अरुंद, म्हणून कापड जास्त घेतलं.

मागच्या खेपेला अस्तर न भिजवताच शिवायला दिलं. पहिल्याच धुण्यात ते आटलं, काखेपाशी चुण्या पडल्या. आता कापड आणि अस्तर दोन्ही रात्रभर भिजवते, बाजूच्या शिवणीत इंचभर माया ठेवायला सांगते.

पॉलिस्टर नको, घाम फार येतो. शिलाईसकट बजेट 900 रुपये.

मोरपंखी काठांना शोभेल आणि राखाडी, मोतिया साड्यांवरही खुलेल असा चौथा रंग कोणता? तो साधा घ्यावा की इकत?