सोसायटी अधिकृत (फक्त कामाचे मेसेज)

रविवार, २८ डिसेंबर २०२५

जोशीकाका ए-१०४: राग नसावा, पण विचारतो. काल रात्री अमोल घरी आला, "काका, इथे सही करा" म्हणाला. सूचक म्हणून. चष्मा सापडेना, तशीच केली. मी कशात अडकलो का?

अमोल सी-३०२: काका, अडकायचं काय त्यात! सूचक-अनुमोदक आपल्याच प्रभागाच्या मतदारयादीतले लागतात. महापालिकेला अपक्ष उभा राहतोय. २०१७ नंतर पुण्यात आत्ता ही निवडणूक होतेय, पुढची कधी देव जाणे.

बी-२०१: अर्ज मंगळवार ३० तारीख, दुपारी ३ पर्यंतच 🙏

मीनल ए-५०३: अभिनंदन अमोल! त्याच हाताने जुलैपासूनचा मेंटेनन्सही भरून टाक.

अमोल सी-३०२: वहिनी, मिळकतकराची थकबाकी नाही, दाखला घेतलाय. सोसायटीचा हिशेब फॉर्मात विचारत नाहीत.

मीनल ए-५०३: म्हणूनच इथे विचारलं.

सेक्रेटरी: कृपया विषयाला धरून.

सी-१०१: विषयाला धरूनच. दोन अपत्यांची अट आहे ना? याला तर तीन.

अमोल सी-३०२: आधी मोठी, मग जुळी. पहिल्यानंतरच्या एकाच बाळंतपणातली जुळी एकच धरतात. कायद्यात आहे.

सी-१०१: शाळेला सांग, फी पण एकच धरा म्हणावं 😂

बी-२०१: ३० तारीख. ३ पर्यंत. नंतर घेत नाहीत 🙏

पवार बी-६०१: आणि बेकायदा बांधकाम? स्वतःचं नाहीतर बायकोचं निघालं तरी नगरसेवकपद जातं. गच्चीवरच्या शेडबद्दल मी तीन वर्षं ओरडतोय.

अमोल सी-३०२: दादा, ते सोलरसाठी आहे.

पवार बी-६०१: सोलर कुठाय?

मीनल ए-५०३: 🤭

सी-१०१: शौचालय वापरतो असंही लिहून द्यावं लागतं म्हणे. सी विंगला सकाळी पाणी नसतं, लिहिताना विचार कर.

सेक्रेटरी: टँकर सांगितलाय. दुसऱ्यांदा सांगतोय.

अमोल सी-३०२: बरं, थट्टा पुरे. बँकेत वेगळं खातं काढलं, अनामतीचे ५,००० तयार आहेत. फक्त अनुमोदक हवाय. दादा, तुम्ही?

पवार बी-६०१: मी केली असती रे. नाव अजून साताऱ्याच्या यादीत आहे.

मीनल ए-५०३: आम्ही उद्या पहाटे गावी निघतोय.

सी-१०१: मिसेसना विचारून सांगतो.

बी-२०१: मंगळवार. ३ पर्यंत 🙏

अमोल सी-३०२: तुम्हीच या ना मग सहीला!

बी-२०१: _हा मेसेज डिलीट केला आहे_

जोशीकाका ए-१०४: अमोल, तो कागद जरा परत आण बाळा. चष्मा सापडला.