आर्क्टिकमधल्या तेलाला विरोध करायचाय, मुद्दे सुचवा

करवीर०७: मंडळी, पुढच्या आठवड्यात कॉलेजात वादविवाद स्पर्धा आहे, विषय आर्क्टिकमध्ये तेल काढावं की नको, आणि चिठ्ठीत मला विरोधी बाजू आलीय. बर्फ वितळतोय, अस्वलं मरतायत, एवढ्यावर पाच मिनिटं निघत नाहीत. परीक्षक सर लई खडूस, पहिलाच प्रश्न असणार, तू इथं आलास ते पेट्रोल टाकूनच ना? तिथल्या माणसांचं नेमकं काय बिघडतंय ते सांगा की राव.

दाजीपूरचा_गवा: भावा, अस्वल सोड, कॅरिबू धर, म्हणजे तिकडचं रेनडिअर हरीण. अलास्काच्या ईशान्येला आर्क्टिक नॅशनल वाइल्डलाइफ रेफ्युज नावाचं अभयारण्य आहे, त्यातली समुद्राकडची साधारण १५ लाख एकर सपाटी हीच भांडणाची जागा. पॉर्क्युपाइन नावाचा कॅरिबूंचा कळप, २०१७ च्या मोजणीत २ लाख १८ हजार, मेअखेर-जूनच्या तोंडाला डोंगर ओलांडून तिथं विणीला येतो. तिथंच का, तर कोवळा चारा तेव्हाच फुटलेला असतो, लांडगे-अस्वलं डोंगराच्या पायथ्याला जास्त आणि सपाटीवर कमी, वर समुद्राचं वारं असल्यानं डास कमी. तिथले डास म्हणजे चेष्टा नाही, जनावराला चरू देत नाहीत. आता रस्ते आणि पाइपलाइन आली की पिल्लंवाल्या माद्या काही किलोमीटर लांब सरकतात, हे अलास्कातल्याच प्रुडो बेच्या तेलपट्ट्यात दिसलेलं आहे. इथं सरकणार कुठं, मागं डोंगर आणि पुढं समुद्र.

डोंगरापलीकडचे ग्विचिन लोक याच कळपावर जगतात. त्यांच्या आर्क्टिक व्हिलेज गावाला रस्ता नाही, दुकानातला माल विमानानं येतो, म्हणजे दर काय असतील बघ. मांस वाळवायचं, धुरी द्यायची, घरोघरी वाटायचं, त्यावर हिवाळा काढायचा. आणि जिथं वीण होते तिथं हे लोक स्वतः पाऊल टाकत नाहीत, उपासमारीतसुद्धा नाही, अशी त्यांची रीत. १९८८ ला अलास्का आणि कॅनडा दोन्हीकडचे ग्विचिन त्याच गावात जमले आणि तेलाला विरोध ठरवला, तो अजून चालूय.

शाहूपुरीकर: एकच बाजू नका सांगू पोराला. त्याच सपाटीवर काक्टोविक गाव आहे, इनुपियाट लोकांचं, आणि तिथले बरेच जण काढा तेल म्हणतात. शाळा, दवाखाना, नळाचं पाणी, सगळं तेलावरच्या टॅक्समधनं आलंय. त्यांना आपण इथनं मिसळ हाणत अक्कल शिकवायची व्हय?

पंचगंगा_घाट: मुद्दा खरा आहे आणि करवीर, तो तूच आधी मांड, नाहीतर सर तिथंच धरतील. पण तिकडंही एकमत नाही. नुइक्सुट हे इनुपियाट गाव तेलपट्ट्याच्या अगदी शेजारी, २०२३ च्या मार्चमध्ये विलो नावाच्या तेलप्रकल्पाला मंजुरी मिळाली तेव्हा तिथल्या महापौरांचा उघड विरोध होता. जमिनीवरच्या तेलाला हो म्हणणारे बरेच जण समुद्रातल्या विहिरीला बिचकतात, कारण आवाजानं देवमासे लांब जातात आणि देवमासा म्हणजे अख्ख्या गावाचं जेवण.

माझ्या मते खरा मुद्दा हा की विचारलं कुणाला. कॅनडात क्लाइड रिव्हर या इनुइट गावाजवळ समुद्रात तेलाचा सर्व्हे करायचा होता. गावानं विचारलं, आमच्या शिकारीवर काय परिणाम होणार, तर उत्तर म्हणून जवळपास ४,००० पानांची फाइल इंटरनेटवर टाकली, बहुतेक त्यांच्या भाषेत नाहीच, आणि गावातलं नेट एवढं हळू की फाइल उतरवता येईना. आपल्याकडची जनसुनावणी बघितलेल्याला यात नवल वाटणार नाही. पण गाव सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०१७ च्या जुलैत न्यायाधीशांनी एकमतानं परवानगी रद्द केली.

पेट्रोलचं उत्तर सोपं आहे. २०२१ च्या जानेवारीत रेफ्युजमधल्या जागेचा लिलाव झाला, मोठ्या तेल कंपन्या फिरकल्या नाहीत, बहुतेक पट्टे अलास्का सरकारच्याच महामंडळानं घेतले. २०२५ च्या जानेवारीतल्या दुसऱ्या लिलावात तर एकही बोली नाही. मग त्या तेलावाचून सरांची गाडी कुठं अडलीय?

शाहूपुरीकर: हे चांगलं आहे, पण पुढचंही वाच. २०२५ च्या जुलैत नवा कायदा झालाय, त्याच सपाटीवर १० वर्षांत आणखी ४ लिलाव घ्यायचेत. समोरची बाजू तेच काढणार.

करवीर०७: चालतंय, क्लाइड रिव्हरनंच सुरुवात करतो. ते कॅरिबूंचं डासांचं प्रकरण दोन वाक्यांत कसं बसवू?

दाजीपूरचा_गवा: डास गाळ, 'मागं डोंगर आणि पुढं समुद्र' एवढं ठेव.