इंग्रजीची धास्ती आहे, पण ओढही आहे

ग्रामीण मुलांना इंग्रजी आवडतच नाही, हे मत मला अपुरे वाटते. परभणी-हिंगोलीकडच्या मराठी माध्यमाच्या शाळांत नववी-दहावीची मुले इंग्रजीला घाबरतात, हे खरे. पण ती भाषा आपल्याला यावी, अशी त्यांची मनापासून इच्छाही असते. राज्यात २००० सालापासून इंग्रजी पहिलीपासून शिकवली जाते, तरीही दहावीतल्या अनेकांना मनातली दोन वाक्ये सलग बोलता येत नाहीत, कारण ८० गुणांच्या लेखी परीक्षेसाठी निबंध आणि पत्रे पाठ करून घेण्यातच तासिका संपतात. बोलताना चूक झाली की वर्ग हसतो आणि ते मूल पुन्हा तोंड उघडत नाही. याचे मला सर्वांत वाईट वाटते. पुढे अकरावी विज्ञानासाठी लातूर-नांदेड गाठले की भौतिकशास्त्र अचानक इंग्रजीतून समोर येते आणि हुशार विद्यार्थीही संकल्पना समजूनही शब्दांपाशी अडखळतो. आठवीपासून आठवड्यातली एक तासिका केवळ बोलण्यासाठी राखावी आणि तिला गुण ठेवू नयेत, असे मी आग्रहाने सुचवतो.