मदत हवी आहे: डोस 300 चा 400 केला तर रक्तातली लेव्हल 8 वरून 32 वर कशी जाते?

दुसरं_वर्ष_सायन:
सकाळपासून एकाच गणितावर अडकलोय. पेशंटला दिवसाला 300 मिग्रॅ चालू, रक्तातली औषधाची लेव्हल 8 (मिग्रॅ/लिटर). डोस 400 केला. डोस जितक्या पट वाढला तितक्याच पट लेव्हल वाढणार ना, म्हणजे 10.7, पण उत्तरात 32 छापलंय. किडनी, लिव्हर नॉर्मल. छपाईची चूक आहे का? सोमवारी व्हायवा आहे, लवकर सांगा.

परळ_रेसिडेंट:
औषध कोणतं?

गोळ्या_डोंबिवली:
लोडिंग डोस दिला असणार. क्लोरोक्विनचं बघा, टिश्यूत इतकं पसरतं की सुरुवातीचा डोस मोठा द्यावा लागतो.

परळ_रेसिडेंट:
अहो, लोडिंग डोसने स्टेडी स्टेट (लेव्हल स्थिरावते ती अवस्था) लवकर गाठता येते, तिथली लेव्हल बदलत नाही. ती मेंटेनन्स डोस (रोजचा चालू डोस) आणि क्लिअरन्सवर (शरीराची औषध काढून टाकण्याची क्षमता) ठरते. धागाकर्ते, औषध सांगा.

दुसरं_वर्ष_सायन:
फेनिटॉइन, फिट्सचं. व्हीमॅक्स (औषध काढण्याचा कमाल वेग) दिवसाला 450 मिग्रॅ आणि केएम (ज्या लेव्हलला तो वेग निम्मा असतो ती) 4 पण दिलंय, पण ते बायोकेमिस्ट्रीचं ना?

माहीमकर:
फेनिटॉइन म्हणजे झीरो ऑर्डर, लेव्हल कितीही असो, तासाला ठराविकच बाहेर जाणार, दारूसारखं. एवढं पाठ कर आणि पुढचा चॅप्टर घे. मी फ्लॅशकार्डवरच पास झालो.

परळ_रेसिडेंट:
असं पाठ करायला सांगू नका हो, पोरगं व्हायवात अडकेल. कमी लेव्हलला ते फर्स्ट ऑर्डरसारखंच वागतं, म्हणजे लेव्हलच्या प्रमाणात बाहेर जातं. लिव्हरमधली एन्झाइम्स भरत आली की बिघडतं, आणि ती उपचाराच्या रेंजमध्येच, 10 ते 20 च्या आसपासच भरतात. दादरला संध्याकाळी तिकीट खिडक्या सगळ्या भरल्या की थोडी माणसं वाढली तरी रांग पुलापर्यंत जाते, तसं. तुझं 10.7 क्लिअरन्स कायम धरून आलंय, इथे तो लेव्हलबरोबर कमी होतो. रोज जेवढं आत तेवढंच बाहेर, हे समीकरण मांड: 450 गुणिले लेव्हल, भागिले (4 अधिक लेव्हल), बरोबर 400.

माहीमकर:
परीक्षेत एवढा वेळ कोणाला असतो? एमसीक्यूला झीरो ऑर्डर पुरतं.

गोळ्या_डोंबिवली:
दादरला आता रांगा कुठे, सगळे मोबाईलवर तिकीट काढतात.

ठाण्याची_मीनल:
विषय निघालाच आहे तर विचारते, सासूबाईंना फिट्सची हीच गोळी चालू आहे, यावेळी केमिस्टने दुसऱ्या कंपनीची दिली. चालेल का?

परळ_रेसिडेंट:
मीनलताई, या औषधात थोड्या फरकानेही लेव्हल बरीच हलू शकते. गोळी परस्पर बंद करू नका, पण आजच त्यांच्या डॉक्टरांना फोन करून सांगा. तोल जाणं, बुबुळं आपोआप हलत राहणं, बोलणं जड होणं असं काही दिसलं तर थांबू नका, लगेच घेऊन जा.

दुसरं_वर्ष_सायन:
32 आलं!! जुना डोस टाकून पाहिला, 300 ला बरोबर 8. मग 350 टाकले तर 14, म्हणजे रेंजमध्ये. तर मग प्रश्नात थेट 400 का केले? आणि 450 दिले तर लेव्हल काढताना छेदात (450 वजा डोस) शून्य येतंय, ते कसं?

परळ_रेसिडेंट:
थेट 100 ने वाढवलं तर काय होतं तेच दाखवायचंय. म्हणून 25-50 च्या टप्प्याने वाढवतात. आणि 450 ला शरीर जास्तीत जास्त जेवढं काढू शकतं तेवढंच रोज आत जातं, त्यामुळे स्टेडी स्टेट येतच नाही, लेव्हल चढतच राहते. व्हायवात हे नक्की विचारतात.

ठाण्याची_मीनल:
डॉक्टरांनी लेव्हल करायला सांगितलीय. रक्त सकाळची गोळी घ्यायच्या आधी द्यायचं की नंतर?

परळ_रेसिडेंट:
आधी.