वर्षावनावरील हवेतले सेंद्रिय कण: आयसोप्रीनपासून कण होतो कसा?

प्रश्न:
ॲमेझॉनच्या पावसाळ्यात आसपास वणव्यांचा धूर फारसा नसतो, तरीही हवेतील सूक्ष्मकणांचा बहुतांश भाग सेंद्रिय असतो, असे वाचले. तेथील झाडे सर्वाधिक सोडतात तो वायू आयसोप्रीन. पण हा पाच कार्बनचा रेणू ३४ अंश सेल्सिअसच्या आसपासच उकळतो. इतका उडून जाणारा पदार्थ कणात टिकतो कसा? की ते कण झाडांतूनच येणाऱ्या, पण मोठ्या रेणूच्या मोनोटर्पीनचेच असतात?

प्रतिसाद १:
शंका रास्त आहे. या शतकाच्या सुरुवातीपर्यंत अनेक अभ्यासकही असेच समजत होते. २००४ मध्ये मात्र ॲमेझॉनमधील हवा गाळलेल्या फिल्टरवर मिथाइलटेट्रॉल सापडल्याचे प्रसिद्ध झाले: सांगाडा आयसोप्रीनचाच, पण त्यावर चार हायड्रॉक्सिल गट (ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या), त्यामुळे तो सहज उडत नाही. म्हणजे आयसोप्रीन जसेच्या तसे कणात शिरत नाही. उन्हात तयार होणारी हायड्रॉक्सिल मूलके (याच जोड्या, पण सुट्या आणि अतिक्रियाशील) त्याचे ऑक्सिडीकरण करतात, त्यातून बनलेले इपॉक्साइड (ऑक्सिजनचे छोटे कडे असलेले संयुग) ओलसर, आम्लधर्मी सल्फेटकणांत विरघळते आणि तिथे त्याचे टेट्रॉल किंवा सेंद्रिय सल्फेट होते. आयसोप्रीनचा थोडाच अंश या वाटेने जातो. परंतु जगभरातील झाडे वर्षाला सुमारे ५० कोटी टन आयसोप्रीन सोडत असल्याने तो थोडा अंशही भारी पडतो.

प्रतिसाद २:
मोनोटर्पीनला मात्र वगळू नये. दहा कार्बनचा हा रेणू ओझोनशी अभिक्रिया करून जवळजवळ न उडणारी संयुगे देतो. शिवाय प्रतिसाद १ मधील वाट आधीच असलेल्या कणांवर थर चढवण्याची आहे. नवा कण जन्माला घालण्याच्या कामी जमिनीलगतचे आयसोप्रीन उलट अडथळाच ठरते.

प्रश्नकर्ता:
मग नवे कण येतात कुठून?

प्रतिसाद ३:
वरून. गडगडाटी ढग रात्री आयसोप्रीन दहा किलोमीटरहून अधिक उंचीवर नेऊन सोडतात. उजाडल्यावर तेथील कडाक्याच्या थंडीत, विजांमुळे तयार झालेल्या नायट्रोजन ऑक्साइडच्या सान्निध्यात, त्याची ऑक्सिडीकृत संयुगे एकत्र येऊन कण बनतात. २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीस हालो या संशोधन-विमानाने ब्राझीलवर केलेल्या मोजणीतून हे स्पष्ट झाले. (जमिनीलगत अडथळा ठरणारा वायू वर जाऊन कणांचा जनक व्हावा, हे मला अजूनही नवलाचे वाटते.) पावसाबरोबर खाली झेपावणारी हवा असे कण जंगलापर्यंत आणते; ॲमेझॉनमधील मानाउस शहराच्या परिसरात सर कोसळते त्या सुमारास ५० नॅनोमीटरहून लहान कणांची संख्या एकाएकी वाढते, त्यामागे हेही एक कारण मानले जाते. पुढे तेच कण, प्रतिसाद १ मधील थर चढून, मेघबीज (ज्यावर ढगाचा थेंब जमतो तो कण) होण्याइतके मोठे होतात.