मदत हवी आहे: सायकलवरून उतरल्यावर पाय चालतच नाहीत

नमस्कार मंडळी. आठ आठवड्यांनी माझी पहिली ऑलिम्पिक अंतराची ट्रायथलॉन आहे. १.५ किमी पोहणे, ४० किमी सायकल, १० किमी धावणे. सुटं सुटं तिन्ही जमतं, घोडं अडतंय ते सायकलनंतर.

काल ४० किमी संपवून लगेच बूट बदलले आणि पळायला लागलो. मांड्या लाकडासारख्या, पावलं आखूड, उजव्या पोटरीत गोळा. दोनेक किमीनंतर पाय मोकळे झाले, पण तोवर दम संपला होता. एरवी १० किमी ५५ मिनिटांत आरामात होतात.

मला जड गिअर लावायची सवय आहे, मिनिटाला जेमतेम ७० पायडल पडतात. शेवटचे चार-पाच किमी हलक्या गिअरवर ९० च्या आसपास मारले तर फरक पडतो का? या शर्यतीत दुसऱ्याच्या आडोशाने सायकल चालवायला बंदी आहे, म्हणजे वारा मलाच कापायचाय.

सायकलला जोडून पळण्याचा सराव आठवड्यातून एकदा पुरतो की दोनदा हवा? आणि प्रत्येक वेळी किती पळायचं? ज्यांनी हे अंतर पूर्ण केलंय त्यांनी स्वतःचा अनुभव सांगा, प्लीज. ही शर्यत मला मनापासून पूर्ण करायची आहे.